प्रभावन्सं, लिश्ट आणि लाइश्ट

माझी नणंद जर्मनीत येण्यापूर्वीच तिची अब्रू घालवण्याचं काम मी एकटीनं, कोणाचीही मदत न घेता आणि व्याकरणाची एकही चूक न करता पार पाडलं.

प्रभावन्सं गेल्या महिन्यात गेल्या. त्यांच्याविषयी चार शब्द लिही, असं घरच्यांनी सांगितलं, म्हणून रोज बसते. त्यांचा सेवाभाव, त्यांची जिद्द असं काही गंभीर लिहू पाहते, आणि समोर उभी राहते ती आमची घरमालकीण फ्राउ केसल! हातातला कॉफीचा कप हवेत थांबलेला आणि भुवया केसांत शिरलेल्या. तेव्हा ती गोष्ट आधी लिहून टाकते. त्याशिवाय पुढचं सुचणार नाही.

साठीच्या दशकाची सुरुवात होती. हे आखनला यंत्रशास्त्रात डॉक्टरेट करत होते आणि आम्ही फ्राउ केसलच्या घरी दोन खोल्यांत राहत होतो. फ्राउ केसल विधवा, देवभोळ्या, आणि स्वच्छतेच्या बाबतीत इतक्या कडक की जिन्याचा कठडा धरायला आम्हाला संकोच वाटे. त्यांच्या घरात माळ्यावरची एक खोली रिकामी होती. वन्संना इथल्या इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली होती, पण सासूबाईंची अट होती: "भावाच्याच घरात राहणार असेल तर पाठवते. नाहीतर पोरगी इथेच बरी." म्हणजे सगळं त्या खोलीवर अडलेलं!

यांनी मला जर्मनचा क्लास लावायला परोपरीनं सांगितलं होतं. पण मी पडले इंग्रजीची एम. ए.! पुण्यात मी कॉलेजात शब्दांच्या व्युत्पत्ती शिकवत असे. माझा सिद्धांत असा, की इंग्रजी आणि जर्मन सख्ख्या बहिणी. नाइटचं झालं नाख्ट, डॉटरचं टोख्टर. मग क्लास कशाला?

"आणि लाइट?" एकदा यांनी विचारलं होतं.

"कुठला लाइट?" मी चष्मा वर सरकवून म्हणाले. (हा माझा वर्गातला आवडता प्रश्न.) "इंग्रजीत लाइट हे दोन वेगळे शब्द आहेत. एक उजेड, एक हलका. मुळं निराळी, घराणी निराळी, केवळ योगायोगानं तोंडावळा सारखा झाला. जर्मननं मात्र दोघांना वेगळं ठेवलंय. एक लिश्ट आणि एक लाइश्ट."

"त्यातला उजेड कुठला?"

"अहो, ते काय, संदर्भानं कळतं!"

एका रविवारी हे संस्थेत गेले असताना फ्राउ केसलनी मला खाली कॉफीला बोलावलं. खोलीबद्दल विचार करताहेत, हे उघड होतं. प्लमचा केक होता, इस्त्रीचा टेबलक्लॉथ होता. मी ताठ बसले.

"तुमच्या नणंदबाईंचं नाव मोठं गोड आहे," त्या म्हणाल्या. "प्राभा. अर्थ काय त्याचा?"

अर्थ! मला विचारलेला अर्थ! मी घाईनं प्रभाचा लाइट केला, लाइटचं जर्मन शोधलं, हाताला लागलं ते उचललं आणि अभिमानानं म्हणाले, "लाइश्ट! प्रभा इस्ट आइन लाइश्टेस मेडशन!"

शब्दशः पाहिलं तर 'हलकी मुलगी'. पण जर्मनमध्ये त्याचा अर्थ नेमका तोच होतो, जो मराठीत 'हलक्या चालीची' म्हटल्यावर होतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. फ्राउ केसलना जन्मापासून ठाऊक होतं.

कप हवेत थांबला. "वी बिटे?"

त्यांना नीट ऐकू आलं नसावं, म्हणून मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं.

"आणि... तुमच्या यजमानांना हे माहीत आहे?"

"हो, हो! सगळ्या घराला माहीत आहे. वडिलांनीच ठरवलं!"

"वडिलांनी?!"

"आणि आत्यानं कानात सांगितलं. वन्सं पाळण्यात होत्या तेव्हाच!"

फ्राउ केसलनी कप खाली ठेवला आणि गळ्यातला क्रूस चाचपला. त्या बिचाऱ्या भारावल्या आहेत असं वाटून मला आणखी जोर चढला. त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "इथे येऊन त्या काम काय करणार?" आता नर्सला काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. मग आठवलं तेवढं सांगितलं: "कधी दिवसा, पण पुष्कळदा रात्री. फार दमायचं काम! पण लोक आशीर्वाद देतात."

इथे तरी मी थांबायला हवं होतं. पण डोक्यात दिवाळी आली.

"आमच्याकडे नोव्हेंबरच्या सुमाराला मोठा सण असतो," मी म्हणाले. "या वर्षी तुमच्या घरात करू. प्रत्येक खिडकीत एकेक लाइश्टे ठेवू!"

"माझ्या खिडकीत?"

"सगळ्या खिडक्यांत! रस्त्यावरचे लोक थांबून बघतील!"

फ्राउ केसल उठल्या. केक अर्धा राहिला. मला दारापर्यंत पोचवून त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, तेही भिंतीकडे पाहून: खोली रिकामी नाही.

संध्याकाळी हे आले ते जिन्यातच पकडले गेले. वर आले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल.

"तू प्रभाला काय म्हणालीस?"

"मी? मी कौतुकच केलं!"

यांनी मला त्या दोन शब्दांचा अर्थ सांगितला. मग खिडक्यांचा सांगितला. मी पलंगावर बसले आणि तोंडावर पदर ओढून घेतला. काढावासाच वाटेना.

"अहो, तुम्ही समजावा ना त्यांना."

"सांगतोय, पण त्या ऐकून घेत नाहीत. म्हणतात, भाऊ आहात, तुम्ही झाकणारच! आता आईला काय लिहू? खोली का नाही मिळाली म्हणून? चल, ऊठ. तूच निस्तर."

मी खाली गेले. पाय जिन्याला लागत होते की नाही, माहीत नाही. फ्राउ केसलनी दार बोटभर उघडलं. आता एकाही शब्दावर माझा विश्वास उरला नव्हता. मी सरळ आत घुसले आणि टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबलं. उजेड पडला. "प्रभा!" मी म्हणाले. बटण बंद केलं. "प्रभा नाइन, नाही." परत लावलं. "प्रभा!"

फ्राउ केसल दिव्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"लिश्ट?" त्यांनी हळूच विचारलं.

"लिश्ट! लिश्ट!" मी जवळजवळ रडत होते.

"मग खिडक्यांत?"

"लिश्ट."

"आणि पाळण्यात?"

"नाव. नुसतं नाव हो!"

त्या खुर्चीत बसल्या आणि ॲप्रन तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. पण ॲप्रन खाली आला तेव्हा हसून हसून चेहरा बीटासारखा झाला होता. खोली मिळाली. शिवाय मंगळवारपर्यंत सगळ्या गल्लीला बातमीही मिळाली. बेकरीतली बाई पाव बांधताना डोळे मिचकावून विचारायची, "फ्राउ जोगळेकर, तुमची लाइश्टे कधी येतेय?" मी पाव घेऊन पळत सुटायचे.

वन्सं आल्या. अंगानं त्या तालमीत वाढल्यासारख्या, भरभक्कम. ट्रंक स्वतःच उचलून माळ्यावर चढायला लागल्या तसा लाकडी जिना कण्हू लागला. फ्राउ केसलनी खालून त्यांना नखशिखान्त पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आल्झो, फ्राउ जोगळेकर, लाइश्ट तर त्या कुठल्याच अर्थानं नाहीत!"

"वहिनी, काय म्हणाल्या हो त्या?" वन्संनी वरून विचारलं.

"स्वागत असो म्हणाल्या!"

वन्संनी लगेच क्लास लावला. महिन्याभरात त्यांना सगळं कळलं, आणि पुढे आयुष्यभर कुठल्याही समारंभात माझी ओळख त्यांनीच करून दिली: "या माझ्या वहिनी. माझ्या नावावर यांनी प्रकाश टाकला."

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला. ती इथेच वाढली. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मन. आईच्या समाधीच्या दगडावर नावाखाली त्याचा अर्थ कोरायचा आहे म्हणाली. "मामी, तू शब्दांची अभ्यासक. तूच सांग, काय कोरू?"

मी तोंड उघडलं. दोन्ही शब्द एकदमच ओठांवर आले.

"थांब हं, बाळा," मी म्हणाले, "मामाला देते."