पन्नास वर्षांचा पाऊस

दयारामच्या हुद्द्याचं नाव 'कॉम्प्युटर' होतं. ऐंशी साली लखनौच्या त्या सरकारी कचेरीत माणसालाच कॉम्प्युटर म्हणत, आणि पगार मात्र बेताचाच देत. जुन्या नोंदवह्यांतून दर वर्षीचा एका दिवसाचा सगळ्यात मोठा पाऊस शोधायचा, आखीव कागदावर ठिपके मांडायचे, त्यांतून रेघ ओढायची, हे त्याचं काम. नोंदी जेमतेम बावीस वर्षांच्या. पण पन्नास वर्षांत सरासरी एकदा येईल असा पाऊस केवढा, हेही ती रेघ बिनदिक्कत सांगे. तेवढं पाणी जाईल अशी पुलाची मोरी इंजिनिअर लोक ठेवत. अकोल्याहून आलेल्या दयारामला आपल्या रेघेचा भारी अभिमान होता.

त्याच साली भादव्यात तेलीबागेतला नाला फुगला. दयारामची धाकटी बहीण सुभद्रा, नवऱ्यामागे एकटीच राहणारी, तिच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं, मातीच्या भिंती बसल्या. ती निशातगंजात माडीवरची खोली घ्यायला निघाली होती. पण तिचं रडणं बघवेना, म्हणून दयाराम बोलून गेला, "रडू नको गं. हा पन्नास वर्षांचा पाऊस होता. असा रोज थोडाच येतो!"

सुभद्राने मनाशी खूणगाठ बांधली. महिन्याभराने तो गेला तर नाल्याकाठी घराच्या पक्क्या भिंतीचं काम चाललेलं. नवऱ्याच्या मागे मिळालेलं सगळं तिने विटांत घातलं होतं.

"अगं, निशातगंजचं काय झालं?"

"मना कर दिया. दादा, तूच म्हणालास ना, आता पन्नास साल नाही येत."

दयारामने तिच्याच एका डब्यात एकोणपन्नास काबुली चणे मोजून घातले, एक काळा हरभरा टाकला आणि डबा हलवला. "दर साली न बघता एक दाणा काढायचा. काळा निघाला की तसा पाऊस."

"अच्छा! मग आपला काळा निघून गेला. राहिले सगळे पांढरे."

"तसं नाही गं. काढलेला दाणा परत आत टाकायचा असतो."

"कोण टाकतं? तुमचं ऑफिस?" सुभद्रा चिडलीच. "मग नका ना टाकू!"

दयारामने डबा तिच्याच फळीवर ठेवून दिला. दर रविवारी तो जाई आणि भिंत चढताना बघत बसे.

ब्याऐंशीच्या श्रावणात नाल्याने ती भिंत नेली. पाणी आधीपेक्षाही वर चढलं. सुभद्रा शेजाऱ्यांच्या छतावर बसून वाचली.

दयारामने नवे ठिपके मांडून रेघ पुन्हा ओढली. तीनदा ओढली. त्याचा पन्नास वर्षांचा पाऊस आता अठरा वर्षांचा ठरत होता. म्हणजे डब्यात काळे हरभरे पहिल्यापासूनच जास्त होते, आणि एकच टाकणारा तो स्वतः. साहेबांनी कागद पाहिला. "पुल तो बन चुके, दयाराम," एवढंच म्हणाले.

तो कागद खिशात घालून तो तेलीबागेला गेला. सुभद्राकडे आता खोली घेण्याइतकं काही उरलं नव्हतं, आणि आलमबागच्या त्याच्या एका खोलीत आधीच सातजण होते. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने चिखलातून काढलेला तो डबा धुऊन, पदराने पुसून त्याच्या हातात दिला.

"दादा, या खेपेला तो काळा दाणा परत टाकू नको हं."

"नाही टाकत," दयाराम म्हणाला.

मग ती वाकून शाबूत विटा वेगळ्या काढू लागली.