भाऊजींनी चाखलेलं इंजिन

देवानं माणसाला जीभ दिली ती खायला आणि बोलायला. आमच्या भाऊजींना मात्र ती इंजिन दुरुस्त करायला दिली, असं माझं ठाम मत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान, राहणार देऊळघाट. उभा जन्म विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, पण कुठल्याही यंत्राला त्यांनी आधी पाना लावलेला मी पाहिला नाही. आधी बोट फिरवायचं, मग ते जिभेला लावायचं, मग डोळे मिटायचे. ऑइल जळलंय का, पाणी शिरलंय का, सगळं चवीवर. एकदा आमच्या बंद पडलेल्या मिक्सरच्या बुडाला बोट लावून म्हणाले, "वहिनी, भांडं गळते तुमचं. आन् चटनीत मीठ जास्त टाकून राह्यल्या." दोन्ही खरं निघालं. नणंद बिचारी म्हणते, "माझ्या भाजीले जन्मात चांगलं म्हटलं नाही या मानसानं, ग्रीसची तारीफ करते!"

दुसरी खोड याहून वाईट. सापडलेला दोष त्यांच्या पोटात राहत नाही. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत जनरेटर बंद पडला. त्याची जबाबदारी नवरदेवाच्या मामाकडे होती. भाऊजींनी डिझेल चाखलं, जनरेटर चालू करून दिला आणि सरळ माइक हातात घेतला, "मंडळी, मामानं डिझेलमंदी घासलेट मिसळलं व्हतं!" लग्न लागलं, पण मामा जेवले नाहीत.

तर अशा माणसाला मी यंदा आपणहून फोन करून चिखलीला बोलावलं, म्हणजे माझ्यावर काय वेळ आली असेल पाहा. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला दसरा. जावई पुण्याहून नवी गाडी घेऊन आले. परदेशी बनावटीची, पांढरीशुभ्र, आमच्या ओसरीला लाजवील एवढी. त्यांचा जीव त्या गाडीत. बोटाचा ठसा उमटला तरी रुमाल काढतात. दसऱ्याच्या सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा मी पूजेचं ताट घेऊन निघाले. आमच्याकडे इंजिनाची पूजा म्हणजे इंजिनाची, पत्र्याला नुसतं कुंकू लावून भागत नाही. मी लेकीला झाकण उघडायला लावलं. आत पाहते तर काळं प्लास्टिक. "इंजिन कुठी हाय बाई?" मी विचारलं. मग आम्ही दोघींनी तेही ओढून काढलं, नारळ फोडला आणि पाणी पोटभर वरून घातलं. आमच्या विहिरीवरच्या इंजिनानं इतकी वर्षं हेच पाणी पिऊन कधी कुरकूर केली नाही. झाकणं जागच्या जागी बसवली आणि लेक म्हणाली, "आई, यांना सांगू नकोस हं."

दुसऱ्या दिवशी जावयांनी गाडी सुरू केली आणि तिला हिवताप भरला. पळवली की बरी, उभी राहिली की थडथड, थडथड. समोर पिवळा दिवा लागलेला. जावई पांढरेफटक पडले. फोनवर पुण्याचा मेकॅनिक म्हणाला, उचलून आणा, पूर्ण खोलावी लागेल. इकडे माझं काळीज गाडीच्या दुप्पट थडथडत होतं. सासूनं पहिल्याच सणाला गाडी मारली, हे एकदा पुण्यात पोचलं की जन्मभर पुसलं जाणार नाही.

भाऊजी मोपेडवरून आले. जावयांनी त्यांच्या धोतराकडे पाहिलं, मग गाडीकडे. "काका, हिला कॉम्प्युटर लावावा लागतो."

"लावू ना. आधी मले हिच्याशी बोलू द्या, जावईबापू."

गाडी चालू ठेवून त्यांनी इंजिनावरच्या चार वायरी एकेक करून काढल्या आणि परत लावल्या. एक काढली, थडथड वाढली. दुसरी काढली, वाढली. तिसरी काढली, काहीच फरक नाही. "हा पाहा कामचोर! घरात ज्याच्या असन्या-नसन्यानं काही फरक पडत नाही, तोच बिघडेल असते." मग गाडी बंद करून त्या वायरीखालची नळी उपसली. खाली खड्ड्यात पाणी. भाऊजींनी बोट बुडवलं. जिभेला लावलं. डोळे मिटले.

ते उघडले तेव्हा थेट माझ्याकडे पाहत होते. मी पदर तोंडाशी धरला. आता मामाची गत माझी!

"उंदीर," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे?"

"उंदीर मुतला अंदर."

जावई दोन पावलं मागे सरले. "काका, पण तुम्ही तर ते... चाखलंत!"

"हाव. मंग?"

"कसं लागलं?" जावयांनाही राहवलं नाही.

"गोड," भाऊजी शांतपणे म्हणाले. "शुगर असन त्याले."

जावयांनी लगेच त्यांना चूळ भरायला तांब्या आणून दिला. भाऊजींनी निमूटपणे खळाळून चूळ भरली. मग धोतराच्या सोग्यानं खड्डा टिपला, लेकीचं केस वाळवायचं यंत्र मागून घेऊन तो वाळवला, ठिणगीचा प्लग जुन्या टूथब्रशानं घासला आणि सगळं परत बसवलं. जावयांनी बटण दाबलं. गाडी अशी सुरू झाली की सुरू आहे की नाही हे समोरच्या काट्यावरूनच कळावं. जावयांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि गाडी बंद करायला निघाले.

"राहू द्या चालू. पाच मिन्ट."

भाऊजी तिच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि तळवा तिला टेकवला. जावई आत बॅगा आणायला गेल्यावर मी हळूच म्हणाले, "भाऊजी, माझ्यापायी उंदराचा कलंक घेतला तुम्ही स्वतःच्या तोंडावर."

भाऊजींनी तळवा तसाच टेकवून ठेवला. "वहिनी, आता साऱ्या वावरात सूर्यावरचे पंप झाले. सकाळी शिवारात जाऊन उभा राह्यलो तं आवाज म्हनून नाही. दोन वर्सं झाले, इंजिनासाठी कोनी बलावलं नाही मले. तुमच्या नारळानं बलावलं. मी त्याचं नाव कसा घेऊ?"

आणि डोळे मिटून पुन्हा ऐकत बसले.