ग्रीसची नखं

माझ्या लेकीच्या हृदयाला छिद्र होतं. यवतमाळच्या अतिदक्षता विभागात शेजारच्या खाटेवर पुसदच्या एका मेकॅनिकचं पोरगं होतं, त्यालाही हृदयाचाच आजार. दारातली नर्स रोज त्या मेकॅनिकची नखं तपासायची आणि ग्रीस दिसलं की हात धुवायला परत पाठवायची. तो हसत पुन्हा हात घासायचा. मी मात्र नळ्यांच्या भीतीनं लेकीला शिवतच नव्हतो.

एकदा बेसिनपाशी तो म्हणाला, "भाऊ, मले तीनदा हात धुवा लागते, तवा पोरगं भेटते. तुमचे हात एवढे साफ, अन् तुम्ही ते खिशात घालून उभे!"

आत जाऊन मी बोट पुढे केलं. लेकीनं ते घट्ट धरलं.

दारात नखं दाखवत उभा असलेला तो नर्सला म्हणाला, "पाहा सिस्टर, पोरगी बोट सोडून नाही राह्यली! थांबा, आलोच मी हात धुऊन."