अव्वाचं तोंड बघायला धावले तो दिवस

पौषातली थंडी होती. नुकतं फटफटलं होतं. जात्यावरून उठून मी पोरीला पाजायला घेतलं, तोच अंगणाच्या भिंतीपलीकडून हाक आली.

"आक्का, हायसा का?"

आवाज माहेरचा होता. माहेरच्या महारवाड्यातल्या एका घराण्याकडं गावानं पिढ्यान्‌पिढ्या एक काम लावून दिलेलं होतं. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की लेकीबाळींच्या गावी सांगावा पोचवायचा. त्याबद्दल सुगीत खळ्यावरचं चार पायली धान्य मिळे, ते पण मागून. त्या घराण्यातले हे मामा. मी त्यांना लहानपणापासून मामाच म्हणत असे. गावातल्या थोरांना ते आवडत नसे.

मी पोरीला घेऊन दारात आले. मामा भिंतीबाहेर उभे होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. रात्रभर डोंगर तुडवून आले होते.

"अव्वांना बरं न्हाय. आप्पांनी आजच्या आज बोलावलंय."

वडलांना आम्ही आप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. तिचं माहेर कर्नाटकाच्या बाजूचं, त्यामुळं घरात निम्मं कानडी चाले.

"लई जास्त हाय का?"

मामांनी खाली बघितलं. "चला तर खरं."

माझं सासर येडशीच्या डोंगराच्या पायथ्याशी आणि माहेर तुळजापूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला. एरवी मोटारीनं गेले असते. पण निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं, शेवटचं आहे हे मात्र आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. सडकेवर हत्यारबंद लोक मोटारी अडवायचे, माणसं उतरवून घ्यायचे. बाया सडकेनं जात नसत. माझे मालक निजामाविरुद्धच्या लढ्यात, दसऱ्यापासून हद्दीपलीकडं, बार्शीच्या बाजूला होते. ते जिवंत आहेत एवढंच अधूनमधून कुणीतरी सांगून जायचं.

सासरे म्हणाले, "एकटीला डोंगरानं कसं धाडायचं?"

सासूबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पोरगी माझ्या कडेवरून उचलून घेतली. "आई हाय तिची. जाऊ द्या," म्हणाल्या. पोरगी अजून अंगावर पीत होती. ती रडायला लागली आणि मी मागं न बघता बाहेर पडले.

चढ लागला तसा मी लुगड्याचा काष्टा वर खोचला. रामलिंगाची दरी खाली धुक्यात होती, माकडांचे आवाज येत होते. वर डोंगराच्या धारेवर पोचल्यावर मामा हळूच पळायला लागले. मी त्यांच्या मागं जीव खाऊन धावले आणि थोड्याच वेळात कमरेत कळ आली.

"असं पळू नका, आक्का. चढाला चालायचं. सपाटीला आन्‌ उताराला नुस्तं पाय सोडायचे. दम नाकानं घ्या."

मी तसं करून बघितलं. पावलं आखूड टाकली, हात सैल सोडले. कळ थांबली. मग आम्ही धारेच्या काठाकाठानं दक्षिणेकडं निघालो. पुढं मामा, मागं मी. सीताफळीची झाडं निष्पर्ण झालेली, गवत वाळून पिवळं पडलेलं. उजव्या हाताला डोंगर एकदम तुटत होता आणि खाली लांबवर बार्शीकडचं रान पसरलेलं दिसत होतं. तिथं कुठंतरी मालक होते. एवढ्या उंचावरून ते रान हाताला लागेल इतकं जवळ वाटत होतं.

लग्न झाल्यापासून मी धावले नव्हते. सासरी बाई झपाझप चालली तरी लोक बघतात. ऊन वर आलं, अंग तापलं, आणि मधेच कधीतरी मला धावायला फार बरं वाटायला लागलं. वारा तोंडावर येत होता. आई आजारी आहे आणि आपल्याला बरं वाटतंय, हे ध्यानात आलं तेव्हा मी दचकले.

धाराशिवच्या लेण्यांच्या डोंगरामागं एका घळीत झिरा होता. मी ओंजळीनं पाणी प्याले. मामा बाजूला उभे राहिले. माझं झाल्यावर ते खाली गेले आणि वाहून आलेलं गढूळ पाणी प्यायला वाकले.

"मामा, इथंच वर प्या की. इथं कोण बघतंय?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुमी आज म्हनताल, आक्का. उद्या गावात ते चालंल का?"

ते तिथंच खाली प्याले.

दुपार कलती होण्याआधी एका हिवराच्या झाडाखाली महादेवाचं ठाणं लागलं. चार दगड, एक झिजलेली पिंड आणि समोर मोडक्या शिंगांचा नंदी. मी थांबले, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. "देवा, अव्वाला उठून बसव. मी वर्षभर सोमवार धरीन, नि पायी येऊन..."

"नवस बोलू नका, आक्का."

मी वळून बघितलं. मामा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता.

"का?"

त्यांनी पिंडीकडं बघितलं.

"मामा, का?"

"अव्वा न्हाईत आता. काल दिवस मावळताना गेल्या." मग भराभर बोलायला लागले. "आप्पांनी बजावलं हुतं, दारात पोचंस्तोवर सांगायचं न्हाय. खरं कळलं तर पोरगी वाटंत बसंल. म्या आजपत्तूर लई जनींना असंच नेलंय. पर देवाम्होरं तुमाला असं मागू द्यायचं जिवावर आलं."

मी पिंडीसमोर बसले. रडू आलं नाही. समोर मुंग्यांची रांग चालली होती, तिच्याकडं बघत राहिले. मामा लांब जाऊन पाठमोरे बसले. सावली नंदीवरून सरकली तेव्हा मी विचारलं, "बसवलंय का तिला?"

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि तसंच पुरतात.

"बसवलंय. तुमी येईस्तोवर थांबतो म्हनले आप्पा. पर दिवस बुडायच्या आत माती द्यावी लागंल."

मी उठले.

त्या पुढच्या वाटेत बरं वाटण्यासारखं काही नव्हतं. सकाळी जे पाय हलके होते ते दगडाचे झाले. एका उतारावर मी पडले, गुडघा फुटला. पाजायची वेळ टळून गेली होती. छाती ठणकत होती, चोळी दुधानं भिजून थंडगार पडली होती. तिकडं पोरगी रडत असेल आणि इकडं आई बसून असेल. मी कुणाचीच कुणी नव्हते, नुसती धावत होते.

मग मामा मागं पडायला लागले. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या पायांना विसावा नव्हता. पोटऱ्यांत गोळे येऊन ते खाली बसले.

"तुमी म्होरं व्हा. आता वाट तुमच्या वळखीची हाय."

"तुम्हाला सोडून जात नाही."

"दिवस चाललाय, आक्का."

मी त्यांच्या काठीचं एक टोक धरलं. "तुम्ही दुसरं धरा." ते बघतच राहिले. मी काठी ओढली तेव्हा उठले. ऊन पिवळं पडेपर्यंत आम्ही तसंच गेलो. मी पुढं, ते मागं, मधे काठी. गावाची पांढर, घरांची वस्ती दिसली तसं त्यांनी आपलं टोक सोडून दिलं. मी काठी त्यांना दिली.

दारात बायांनी हंबरडा फोडला. मी काहीच विचारलं नाही, सरळ आत निघाले. आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि मला आधीच कळलंय हे त्यांना समजलं. त्यांची नजर भिंतीबाहेर उभ्या असलेल्या मामांवर गेली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच ओळखलं."

आप्पांनी मामांना भाकरी द्यायला सांगितलं.

अव्वा भिंतीला टेकून बसलेली होती. कपाळभर विभूती, गळ्यात फुलांच्या माळा, हनुवटी पट्टीनं बांधलेली. एवढं धावून जे तोंड बघायला आले ते ओळखीचं वाटेना. मी तिच्या गालाला हात लावला. मग विधी करणाऱ्या जंगमांनी घाई केली आणि तिला उचललं. माती देऊन आल्यावर बाया गळ्यात पडून रडत होत्या, तेव्हा मी भिंतीशी बसल्या बसल्या झोपले. त्याबद्दल पुढं कितीतरी दिवस भावकीत बोलणं झालं. आईला माती देऊन आली आणि घोरली.

मी आठवडाभर राहिले. जायच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "खोटं सांगायला लावलं म्हणून राग धरू नकोस. तुझ्या अव्वानं तिचा बाप गेल्याचं खरं ऐकलं, तेव्हा ती वाटेतच बसली होती. पोचली तेव्हा सगळं उरकलेलं." अव्वानं हे मला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं. मालक परत आले, वाळून काटकी झालेले. मामांच्या मुलांनी गावाला सांगितलं की आता सांगावे पोचवणार नाही, खळ्यावर धान्य मागायलाही येणार नाही. काही दिवसांनी सगळं घर सोलापूरला गिरणीत कामाला गेलं. मामा तिथंच वारले असं ऐकलं. त्यांनी ते काम सोडलं ते बरंच केलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

आप्पा गेले तेव्हा सांगावा घेऊन कुणीच आलं नाही. बाजारात आलेल्या एका पाहुण्यानं बोलता बोलता सांगितलं, तोवर त्यांना माती देऊन कितीतरी दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी मी मोटारीत खिडकीशी बसून माहेरी गेले. मोटार धाराशिवला बराच वेळ थांबली. लोक उतरले, चहा पिऊन आले. मी बसूनच राहिले. घाई करण्यासारखं काही नव्हतं.