धाकटीचा चढ

माझी मावशी रेडिओ दुर्बीण चालवायची. हे ऐकलं की लोक हमखास विचारायचे, "म्हणजे रात्रपाळी?" मावशी वैतागायची. "रेडिओ लहरींना उन्हाचं वावडं नसतं हो! मी चारचौघींसारखी सकाळी डबा घेऊन जाते."

शाळेला सुट्टी लागली की मी तिच्या मागे लागायचे. तिच्या खोलीत एका यंत्रातून कागदाची गुंडाळी सरकत असायची आणि शाईचा टाक तिच्यावर रेघ ओढत असायचा. खिडकीतून दुर्बिणीची ती अवाढव्य थाळी वळताना दिसायची. यंत्रं तापली की धुळीचा एक कोरडा वास सुटायचा. आजही जुना रेडिओ तापला की तोच वास येतो आणि माझा जीव मावशीशेजारच्या त्या स्टुलावर जाऊन बसतो.

मावशीचा जीव दोन दीर्घिकांवर. कागदोपत्री त्यांना नुसते आकडे. हिने नावं ठेवली थोरली आणि धाकटी. थोरली कधीच बदलायची नाही, म्हणून यंत्राचं माप ताडून बघायला ती. धाकटी लहरी. तिच्या पोटातल्या कृष्णविवराजवळून एक झोत सुटायचा. त्यात नवा लोट आला की तिच्या रेडिओ लहरींचा जोर चढायचा, मग सावकाश उतरायचा. कामाची रीत ठरलेली: आधी थोरली, मग धाकटी, मग पुन्हा थोरली. "तुझी आई आणि मी," मावशी डोळे मिचकावायची. आईला हे मुळीच पटायचं नाही.

नोकरीला लागली तेव्हा मावशीने धाकटीची उतरण पाहिली होती. चढ मात्र एकदाही नाही. नंतर धाकटी गप्प झाली ती झालीच. शेवटी साहेब म्हणाले, "बाई, थाळीचा वेळ फुकट जातोय. हिला बंद करू या."

"गप्प बसलेल्या माणसावरच जास्त लक्ष ठेवावं लागतं, साहेब," मावशी म्हणाली. त्यांनी वर्षअखेरपर्यंत मुदत दिली.

त्या वर्षाच्या शेवटच्या सुट्टीत मी शेजारी बसले होते आणि धाकटीवर थाळी येताच टाक सरसर वर चढला! मावशीने मला कडकडून मिठी मारली, साहेबांना हाताला धरून आणलं, सगळ्या ऑफिसला चहा पाजला. तिला इतकी खूश मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि नंतरही नाही. या धांदलीत पुन्हा थोरलीकडे वळायचं राहून गेलं.

दुपारी थाळी तिकडे वळली, तर थोरलीही तेवढीच चढलेली. जी जन्मात चढत नाही, ती! म्हणजे सकाळी पहिल्यांदा थोरली बघून झाल्यावर आमच्या यंत्राचाच जोर वाढला होता. धाकटी होती तिथेच होती.

मावशीने तेवढा कागद फाडून हातात घेतला.

"सांगू नकोस ना कुणाला," मी रडकुंडीला आले होते.

"खुळी आहेस का? मग थोरलीला तोंड कसं दाखवू?" असं म्हणून ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवसापासून धाकटी बंद झाली. मला त्या साहेबांचा राग अजून येतो.

मावशी निवृत्त झाल्यावर कुणीतरी तिला एक मासिक आणून दिलं. त्यात धाकटीचा आलेख छापला होता. डावीकडे मावशीचे ठिपके, एका ओळीत मुकाट बसलेले. मग काही वर्षांची कोरी जागा. आणि उजवीकडे दुसऱ्याच कुठल्यातरी दुर्बिणीचे ठिपके, उंचावरून खाली उतरत आलेले.

मी म्हटलं, "मावशी, बघ, तुझी धाकटी उठली! तू म्हणत होतीस तसंच झालं!"

तिने चष्मा लावला. बोट उतरणीवर ठेवलंच नाही, कोऱ्या जागेवर ठेवलं.

"चढ इथे झाला," ती म्हणाली. "मी तेव्हा कामावरच होते गं. थाळीसुद्धा चालू होती."