चुकीच्या घरी नांदायला गेलेला ड्रॉवर

त्या घरात दर दुसऱ्या शनिवारी चहा उभ्यानेच व्हायचा. पंधरवडाभर ज्या खुर्च्यांवर बसून सगळ्यांनी खाल्लं-प्यायलं, त्या शुक्रवारी संध्याकाळी टेम्पोत चढून बाजारात गेलेल्या असत. नव्या खुर्च्या, म्हणजे कुणाच्या तरी घरातून निघालेल्या जुन्या खुर्च्या, अजून यायच्या असत. सूनबाई ओट्याला टेकून चहा प्यायची, नवरा फ्रिजला टेकून, आणि नात वॉशिंग मशीनवर चढून.

ही सगळी सासऱ्यांची कृपा. त्यांना बाजारात सगळे पोस्टकाका म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी टपाल कचेरीत पत्रं निवडण्याचं काम केलं होतं आणि त्या बत्तीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या कप्प्यात टाकलं नव्हतं, असं ते स्वतः सांगत. ते खोटं पाडायला तेव्हाचं कुणी आता उरलंही नव्हतं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिनात, म्हणून त्यांनी मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायला घेतल्या. खुर्च्यांमागून टेबलं आली, टेबलांमागून कपाटं, आणि बघता बघता जुन्या सामानाच्या बाजारात त्यांचा गाळा उभा राहिला.

त्यांचे नियम दोन. पहिला: दुरुस्त केलेली वस्तू निदान पंधरा दिवस घरात वापरल्याशिवाय विकायची नाही. "आधी आपल्याकडे नांदवायची, मग दुसऱ्याकडे पाठवायची," असं ते म्हणत. त्यामुळे घरातलं काहीच घरचं नव्हतं. एकदा तर सुनेची आई दुपारी पलंगावर जरा आडवी झाली होती. तिला हलवून पोस्टकाका अदबीने म्हणाले होते, "विहीणबाई, जरा उठता का? गिऱ्हाईक आलंय." ती गोष्ट माहेरी अजून सांगितली जाते, दर वेळी थोडी वाढवून.

दुसरा नियम: कशावरही आकडे घालायचे नाहीत. बाकीचे सुतार कपाट सुटं केलं की फळीफळीवर खडूने खुणा करतात. पोस्टकाका हसायचे. "मला आठवतं," एवढंच म्हणायचे.

गेल्या महिन्यात एक कपाट उचलताना त्यांची कंबर धरली. मुलगा चिडला. "बाबा, आता पुरे. वय झालं." पोस्टकाका पलंगावरून, म्हणजे त्या पंधरवड्यातल्या पलंगावरून, गरजले, "वयाचं मला सांगू नकोस! ज्या दिवशी माझ्या हातून गेलेली वस्तू चूक म्हणून परत येईल, त्या दिवशी गाळ्याला कुलूप लावीन. शब्द आहे माझा."

आणि पोस्टकाकांचा शब्द म्हणजे रजिस्टर पोस्ट. मुलगा तेव्हापासून कुणी काही परत आणतंय का, याची वाटच बघत होता.

त्या शनिवारी तो कामावर गेला, नात शिकवणीला गेली, पोस्टकाका न्हाणीघरात मोठमोठ्याने गात दाढी करत होते, आणि दार वाजलं.

सूनबाईने दार उघडलं. चष्मा लावलेली एक बाई उभी होती. तिच्या कडेवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ती ते अधूनमधून थोपटतही होती.

"पोस्टकाकांचं घर हेच ना? बाजारातल्या घड्याळवाल्यांनी पत्ता दिला. मी शाळेत गणित शिकवते. तीन आठवड्यांपूर्वी यांच्याकडून लिहायचं टेबल नेलंय." तिने चादर बाजूला केली. आत ड्रॉवर होता. "हा आमच्या टेबलाचा नाही."

"म्हणजे?"

"ओढला की टेबल पुढे येतं, ड्रॉवर येत नाही. आमच्याकडे दोघं लागतात. एकाने टेबल धरायचं, दुसऱ्याने ओढायचं. माझे यजमान म्हणतात, जुनं सामान आहे, रुसणारच. मी म्हटलं, रुसणं वेगळं आणि अडीच मिलिमीटर वेगळं. मी मोजलंय."

सूनबाईने ड्रॉवर हातात घेतला आणि आत पाहिलं. कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग होता, बदकाच्या आकाराचा.

हे बदक तिच्या ओळखीचं होतं. तशी दोन टेबलं एका जुन्या वाचनालयातून आली होती, एकाच सुताराच्या हातची, जुळ्या बहिणी शोभाव्यात अशी. पण जुन्या सुताराने प्रत्येक ड्रॉवर त्याच्या त्याच्या जागेत घासून बसवलेला असतो. दिसायला सगळे सारखे, तरी एकाच्या जागी दुसरा जात नाही. यातल्या एका टेबलावर नात पंधरा दिवस अभ्यास करत होती, आणि बदक तिच्या टेबलात होतं. पॉलिशसाठी पोस्टकाकांनी दोन्ही टेबलांचे सगळे ड्रॉवर काढून गच्चीत एका रांगेत वाळत घातले होते. टेम्पो भरताना बदक दुसऱ्या टेबलात बसलेलं सूनबाईने पाहिलंही होतं. तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, बत्तीस वर्षं! यांना कोण सांगणार? आणि तिने तोंड मिटलं होतं.

आता ते बदक परत आलं होतं.

न्हाणीघरातलं गाणं थांबलं. "सूनबाई, कोण आहे गं?"

"कुणी नाही, बाबा! शेजारच्या आल्यात. मी जरा भाजी घेऊन येते!"

गणिताच्या बाईंनी भुवया उंचावल्या. सूनबाईने त्यांना दंडाला धरून जिन्यात नेलं आणि दोन मिनिटांत सगळं सांगितलं: शब्द, कुलूप, कंबर. "दुसरं टेबल अजून गाळ्यावर आहे. पण ते एका वकिलांनी घेतलंय, अकराला त्यांचा टेम्पो येणार. त्याआधी गुपचूप अदलाबदल करू. बाबा साडेदहाशिवाय निघत नाहीत. सकाळी गाळा घड्याळवालेच उघडून ठेवतात."

"म्हणजे मी लबाडीत सामील व्हायचं?"

"ड्रॉवर सरकायला हवाय ना तुम्हाला?"

"चला," गणिताच्या बाई म्हणाल्या.

बाजार भरायचा तो छत्र्यांच्या बंद कारखान्यात. करवतीच्या दातांसारखं छप्पर, त्यातल्या काचांतून उतरणारा तिरपा उजेड, आणि त्या उजेडात तरंगणारी पन्नास घरांची धूळ. आत शिरलं की आधी वास यायचा: मेण, गंज, ओलसर पुठ्ठा, आणि कुठूनतरी कुणाच्या तरी आजोबांच्या तपकिरीचा. मग डोळे सरावले की वस्तू दिसायला लागायच्या. बशा नसलेले कप आणि कप नसलेल्या बशा समोरासमोर मांडलेल्या. चाव्यांनी भरलेली बादली, एकही कुलूप न ओळखणारी. एका पायाने लंगडणारं ड्रेसिंग टेबल, आणि त्याच्या डागाळलेल्या आरशात येणारा-जाणारा प्रत्येक माणूस क्षणभर जुन्या फोटोतला दिसायचा.

सूनबाई घाईत होती, पण तिथे घाई करायची म्हणजे पोहायला उतरून कोरडं राहायचं. गणिताच्या बाई तर पहिल्याच वळणावर अडकल्या. त्यांना पितळी तराजू दिसला. मग शाळेची हातघंटा दिसली. ती त्यांनी वाजवून पाहिली, पुन्हा वाजवली, आणि आसपासची चार मोठी माणसं नकळत ताठ उभी राहिली.

"अहो बाई, पावणेअकरा होतील!"

"एक मिनिट. या घंटेचा सूर आमच्या शाळेच्या घंटेपेक्षा खाली आहे." त्यांनी बदकाचा ड्रॉवर सूनबाईच्या हातात दिला आणि घंटा विकत घेतली. पुढे एका खोक्यातल्या लाकडी पट्ट्या त्यांनी एकेक करून स्वतःच्या पट्टीशी ताडून पाहिल्या. "ही खोटी आहे," त्या दुकानदाराला म्हणाल्या, "आणि ही तर फारच खोटी." दुकानदाराने हात जोडले.

सूनबाई तरी कुठे धड होती? एका गाळ्यावर तिने उगाच एक स्टूल उलटं केलं आणि तिला दिसलं की तिन्ही पाय एका लाकडाचे, चौथा निराळा. पुढच्या गाळ्यावर एका पेटीची बिजागरी नवी होती. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी नवं घर मांडणाऱ्या बाईला कुठली वस्तू कशी डुगडुगते ते आपोआप कळतं.

घड्याळवाल्याचा गाळा पोस्टकाकांच्या गाळ्याला लागून होता. त्याच्याकडे चाळीस घड्याळं आणि चाळीस वेळा. त्या दोघींना पाहून तो फार जोरात खोकला.

"या या वहिनी! आज इकडे कशा? घसा बघा ना माझा. खूं! खूं! ताईंना पत्ता दिला खरा, पण पोस्टकाकांच्या शब्दाबिब्दाचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. खूं!"

"औषध घ्या," सूनबाई म्हणाली आणि गाळ्यात शिरली. खोकला आणखी वाढला. तिने लक्ष दिलं नाही.

टेबल समोरच होतं. तिने गुडघ्यावर बसून मधला ड्रॉवर ओढला. टेबल पुढे आलं.

"बघा!" गणिताच्या बाई आनंदल्या. "अगदी आमच्यासारखंच!" त्यांनी टेबल धरलं, सूनबाईने जोर लावला, आणि ड्रॉवर कण्हत बाहेर आला. मग सूनबाईने बदक त्या जागी टेकवलं आणि एका बोटाने ढकललं. ते आत गेलं, काही आवाज न करता, जणू इतके दिवस याचीच वाट बघत होतं.

"झालं," ती कुजबुजली. "हा तुमचा. घ्या आणि पळा. बाबांना कळायला नको."

"कशाला पळवतेस त्यांना?" आवाज मागून आला.

गाळ्याच्या तोंडाशी एक उंच पाठीची, दोन्हीकडे कान असलेली खुर्ची होती, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. ती आता हळूहळू उठल्यासारखी वाटली. उठले ते पोस्टकाका. अर्धी दाढी झालेली, अर्धी व्हायची.

घड्याळवाला म्हणाला, "मी खोकत होतो, वहिनी. कितींदा खोकायचं माणसाने?"

"बाबा! तुम्ही कधी आलात?"

"सायकलने आलो, मागच्या गल्लीतून. तुम्ही घंटा वाजवत होतात तेव्हाच पोचलो." ते टेबलापाशी आले. "शेजारीण म्हणे! शेजारणीच्या अंगावर मूठ वाजते का? लाकडावर पितळी मूठ खुळखुळली की मला झोपेतही कळतं." त्यांनी बदकाचा ड्रॉवर ओढला, आत सारला, पुन्हा ओढला, पुन्हा सारला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "मीच चुकलो. गच्चीत वाळत घातले तेव्हा मध्येच वारा सुटला, कागद उडाले, मी धावत गेलो. परत आलो तेव्हा वाटलं, आठवतंय."

गणिताच्या बाई पुढे झाल्या. "काका, तसं बघितलं तर वस्तू परत आलीच नाही. टेबल घरीच आहे. टेबल आणि त्याचे तीन ड्रॉवर धरले तर फार तर एक चतुर्थांश वस्तू आली."

"मी तर म्हणतो ड्रॉवर फिरायला आला होता," घड्याळवाला म्हणाला.

"पत्र चुकीच्या घरी गेलं, की गेलं," पोस्टकाका म्हणाले. "पाव गेलं असं नसतं."

त्यांनी खिशातून कुलूप काढलं, दोघींना बाहेर यायची खूण केली, गाळ्याची जाळी ओढली आणि कुलूप लावलं. खट्ट आवाज झाला. सूनबाईला वाटलं, सोमवारपासून घरात खुर्च्या जागच्या जागी राहतील. शनिवारी बसून चहा पिता येईल. आणि हा विचार तिला मुळीच आवडला नाही.

"तुला दिसलं होतं," पोस्टकाका तिच्याकडे न बघता म्हणाले. "टेम्पो भरताना. तू तोंड उघडलंस आणि मिटलंस. मला वाटलं जांभई."

"दिसलं होतं, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला आठवतं म्हणता ना. मग मी कशाला बोलू?" ती जरा थांबली. "चुकलं माझं. पण तुम्ही एकदा विचारायचंत तरी."

पोस्टकाकांनी दाढीच्या न झालेल्या बाजूवरून हात फिरवला. "आणि मघाशी ते स्टूल उलटं करून काय बघत होतीस? गाळ्यातून दिसत होतं मला."

"चौथा पाय निराळ्या लाकडाचा आहे."

"मी तीन महिने त्या स्टुलासमोरून जातोय," ते म्हणाले. मग घड्याळवाल्याकडे वळून, "ऐकलंस? तीन महिने!"

"माझ्या घड्याळांत अजून दोनच झालेत," घड्याळवाला म्हणाला.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. वकिलांचा माणूस आला होता आणि टेबल जाळीच्या आत होतं. गणिताच्या बाईंनी एका हातात ड्रॉवर आणि दुसऱ्या हातात घंटा घेऊन आळीपाळीने सासऱ्याकडे आणि सुनेकडे पाहिलं. घंटा चुकून जराशी वाजली.

पोस्टकाकांनी किल्ली सूनबाईच्या तळहातावर ठेवली.

"कुलूप लावीन म्हणालो होतो, लावलं. माझा शब्द झाला. उघडायचं की नाही हे आता तू ठरव. उघडलंस तर आकडे घालायचे, फळीफळीवर, आणि ते मी घालणार नाही. मला दिसत नाही तेवढं, आणि आठवतही नाही." एवढं बोलून त्यांनी घसा साफ केला. घड्याळवाल्यासारखा नाही, खरोखरच. "घरचं आवरून दर शनिवारी दोन तास माझ्याबरोबर येत जाशील का? येताना खडू आण."