जांभळ्या दिव्याखालचे हात

परवा परदेशातून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. काय झालं म्हटलं, तर म्हणे पाठ भाजली. स्वयंपाकघरात का, तर तसंही नाही. तिकडं म्हणे दुकानं असतात. काचेच्या पलंगावर झोपायचं, वरून झाकण ओढायचं, आत जांभळे दिवे लागतात आणि अंगाला सावळा रंग येतो. मैत्रिणी गेल्या म्हणून हीपण गेली. सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त पडून राहिली, आणि वर अंगाला कसलंसं वासाचं तेल चोपडलेलं.

"म्हणजे पैसे देऊन भाजून घेतलंस?"

"मावशी, हसू नको ना."

गार पाण्याच्या घड्या ठेव, फोड आले तर फोडू नकोस, डॉक्टरला दाखव आणि त्या पलंगाचं नाव पुन्हा काढू नकोस, असं सांगून मी फोन ठेवला. मावशीनं कुठंतरी वाचलेलं दिसतंय, असं तिला वाटलं असणार. वाचलेलं नाही. तसल्याच उजेडाजवळ मी सत्तरच्या दशकात काही वर्षं रोज उभी होते. तेही सोलापुरात, जिथं ऊन मागायला कोणाच्या दारात जावं लागत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील मूळचे सांगोल्याकडचे, पाऊस पडेना म्हणून सोलापूरला येऊन गिरणीत लागलेले. आईला अक्षरओळख नव्हती. मी बी.एस्सी. झाले याचा मला गर्व होता आणि अजूनही आहे. तो लपवायचं मला कधी काही कारण दिसलं नाही. निकाल लागला आणि थोड्याच दिवसांत एका कातडीच्या डॉक्टरांकडे मला काम मिळालं. त्यांनी अंगावरच्या कोडासाठी एक दिवा आणला होता. साधा दिवा नव्हे, अतिनील किरणांचा. तो चालवायला शास्त्र शिकलेलं माणूस हवं होतं.

घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "म्हंजे बी.एस्सी. होऊन हेच दिवे लावलेस व्हय?"

वडील मात्र गिरणीत सांगून मोकळे झाले की लेक मशीन चालवती. कसलं मशीन, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दिव्याची खोली माडीवर होती. बटण दाबलं की दिवा गुरगुरायचा, थोडा वेळ घेऊन तापायचा आणि मग जांभळट उजेड पडायचा. खोलीत एक उग्र वास भरायचा. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "हा दिवा फार सभ्य आहे. भाजताना बोलत नाही. माणूस घरी जातं, जेवतं, झोपतं, मग त्याला कळतं. म्हणून आपण बोलायचं."

मग त्यांनी मला बोलायला शिकवलं. आधी दंडावर बोटभर जागेला उजेड दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी ती जागा बघायची. लाल झाली असेल तर थांबायचं. अंतर दर वेळी पट्टीनं मोजायचं, अंदाज चालणार नाही. डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा, रोग्यानंही आणि मीही. वेळ घड्याळ लावून द्यायचा आणि वाढवायचा तो हळूहळू. जिथं कोड नाही तिथं जाड कापड टाकायचं. आणि उजेड घेतल्यावर त्या दिवशी उन्हात जायचं नाही.

कापडाची अडचण नव्हती. प्रत्येक रोगी घरून चादर आणायचा. एप्रिलच्या उकाड्यात, पंखा बंद असताना, नखशिखान्त चादर पांघरून फक्त गुडघा किंवा कोपर बाहेर काढलेली माणसं बघून मला हसू आवरायचं नाही. तीही हसायची. एक गिरणीकामगार रोज म्हणायचा, "बाई, ऊन तर फुकट हाय की सोलापुरात. त्येच्यापायी हितं कशाला उकडून घ्यायचं?"

"काका, उन्हाला बटण नसतं," मी म्हणायची.

गल्लीतल्या एक काकू त्यांच्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलीला कोड नव्हतं, काहीच नव्हतं. ती माझ्यासारखी सावळी होती, एवढंच. रविवारी पाहुणे बघायला येणार होते.

"हिला जरा दिव्याखाली बसीव. गोरी कर."

"काकू, हा दिवा गोरं करत न्हाय. काळं करतो."

काकूंनी दिवा वरखाली न्याहाळला. "मग डॉक्टरला उलटा लावता येत न्हाय व्हय?"

त्या मुलीनं आईच्या पदरात तोंड खुपसलं ते हसायलाच.

पण ज्या बाईमुळं मला हे सगळं आज इतकं स्वच्छ आठवतं, ती आमची कासारमामी. सगळी गल्ली तिला मामी म्हणायची. अक्कलकोटकडची, निम्मं मराठी, निम्मं कानडी. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन यायची, सोप्यात बसायची आणि हात हातात घ्यायची. अंगठ्याखालचं हाड ती असं दाबायची की दुखायच्या आत बांगडी मनगटात गेलेली असायची. बांगड्या मोजायची कानडीत, "ओंदु, एरडु, मूरु..." काच फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. मामीच्या हातून मात्र सहसा वाढवतच नसे.

तिच्या हातांवर कोड आलं. आधी मनगटाजवळ एक ठिपका, मग दोन्ही हातांच्या पाठीवर, मग बोटांच्या टोकांना. ज्या हातांत बायका हात द्यायच्या, तेच हात. बायका तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण म्हणायला लागल्या, "ठेवा हितं मामी, आमी घालतो आमच्या हातानं." काही नुसत्याच आतून ओरडायच्या, "आज नगं." मामीला दुसरं काही येत नव्हतं. नवरा नव्हता. घर त्या पाटीवर चालायचं.

ती दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टरांनी तिला खोटी आशा दाखवली नाही. मनगटाला रंग धरेल, बोटांचं सांगता येत नाही, आणि महिने लागतील, असं म्हणाले.

"म्हैने कुटले हो? लग्नं तोंडावर आली की!" मामी म्हणाली.

तिची घाई मला माहीत होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चादरींच्या व्यापाऱ्याचं मोठं घर होतं. त्या घरातल्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या घरच्या प्रत्येक नवरीचा हिरवा चुडा मामीनंच भरलेला. तिथं दुसरा कासार आला असता, तर बाकीच्या घरांनीही त्यालाच बोलावलं असतं.

मामी दिव्याला यायला लागली. चादरीतून फक्त दोन हात बाहेर, काळा चष्मा, आणि तोंडाची टकळी चालू. दर वेळी मी विचारायची, "मामी, दुसरं काय औषध लावलंय का?"

"न्हाय गं पोरी. तुज्या दिव्याबिगर कायबी न्हाय."

घड्याळ वाजलं की तिचं ठरलेलं असायचं. "आणि जरा ऱ्हाऊ दे की. कोण बघतंय?"

"मी बघतीय," म्हणून मी बटण बंद करायची.

एका मंगळवारी ती दिव्याला येऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसलेली दिसली. दोन्ही हात ओल्या धडप्यात गुंडाळलेले. धडपं सोडलं तर हात लालबुंद, सुजलेले, आणि हातांच्या पाठीवर पाण्यानं भरलेले फोड. मी घड्याळ नीट लावलं होतं, अंतर मोजलं होतं. मला काही कळेना.

डॉक्टरांनी हात उजेडात धरले, वाकून वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "मामी, काय लावलं होतं?"

"कायबी न्हाय."

"तेल?"

"तेल व्हय? तेल लावलं हुतं की. बावचीचं." मामीनं पाटीतून बाटली काढून दाखवली. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली. "दोन दिस झालं, सकाळ-संध्याकाळ चोळतीय. तुमच्या दिव्याला जरा हातभार."

बावचीच्या तेलानं कातडी उजेडाला दसपट हळवी होते. त्यावर दिवा, आणि दिव्यानंतर ही बाई दुपारभर मंगळवारच्या बाजारात उन्हात पाटी मांडून बसलेली.

"मी दर वेळी विचारत होते ना मामी, औषध लावलंय का म्हणून!" मी चांगलीच भडकले.

"तू औषध इचारलंस. तेल म्हंजे काय औषध हाय व्हय? तेल आमी रोज लावतो."

डॉक्टर खो-खो हसले. मामीही कण्हत कण्हत हसली. मला मात्र हसू यायला वेळ लागला. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारायला लागले: तेल, साय, हळद, लिंबू, लेप, अंगारा, जे काही अंगाला लागलं असेल ते सांगा. लोक कंटाळायचे. एक आजोबा म्हणाले, "न्हाताना साबण लावला बाई, सांगू का?" सांगा म्हटलं.

मामीचा दिवा बंद झाला. गार पाण्याच्या घड्या, मलम, सावलीत बसणं. फोड बसले, जुनी कातडी सोलून निघाली. जखम उरली नाही, डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण हात आता आधीपेक्षा वाईट दिसत होते. कुठं पांढरे, कुठं गुलाबी, कुठं करपल्यासारखे काळे. आणि चुडा भरायचा दिवस आला.

मी त्या घरी शेजारीण म्हणून गेले होते. सोप्यात सतरंजी घातलेली, मधोमध नवरी, भोवती बायका. मामी पाटी उतरवून बसली आणि तिनं हात पुढं केले. सगळ्यांच्या नजरा त्या हातांवर गेल्या.

नवरीची चुलती पुढं सरकली. "मामी, तुमी दमला असाल. द्या, मीच घालते."

मामीनं बांगड्या तिच्यापुढं ठेवल्या. चुलतीनं नवरीचा हात धरून जोर लावला. नवरी कळवळली. कट्‌ करून बांगडी गेली, आणि पोरीच्या मनगटावर रक्ताची रेघ उमटली. हिरव्या चुड्यातली पहिलीच बांगडी. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

भिंतीला टेकून नवरीची आज्जी बसली होती. घरात तिचंच चालायचं. तिनं मला हाक मारली. "ए पोरी, तू त्या दवाखान्यात असतीस न्हवं? खरं सांग. हे लागतं का दुसऱ्याला?"

"न्हाय आज्जी. कोड शिवून होत न्हाय. मी इतके दिवस मामीचे हात धरून दिव्याखाली ठेवलेत. हे बघा माझे." मी दोन्ही हात पुढं केले. काळेसावळे, एकही डाग नसलेले.

"आणि हे लाल कशानं?"

"ते भाजलंय. रोगानं न्हाय, आगाऊपणानं. डॉक्टरचा दिवा, दुकानातलं तेल आणि बाजारातलं ऊन, तिन्ही एका दिवशी घेतलं त्यांनी."

"अय्यय्यो, सगळ्यांसमोर सांग की!" मामी ओरडली. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच.

आज्जी हसली नाही. ती हातानं सरकत सरकत सतरंजीच्या मधे आली आणि आपला सुरकुतलेला हात तिनं मामीच्या मांडीवर ठेवला. "आदी माज्या हातात भर. मला झालं तर हू दे. माजं काय आता लगीन व्हायचं न्हाय."

मामीनं हात हातात घेतला. नवी कातडी हळवी होती, तिचे ओठ आवळलेले मला दिसत होते. पण हाड दाबायची ती जुनी रीत तीच होती. "ओंदु... एरडु... मूरु..." एकही बांगडी वाढवली नाही. आज्जीनं हात हलवून बांगड्या वाजवल्या, कान लावून ऐकल्या आणि नातीला म्हणाली, "बस आता हितं. काय बघतीस?"

नवरीचा चुडा भरून झाला. तिनं वाकून मामीला नमस्कार केला, रीतच आहे तशी. मग एकेक बाई पुढं सरकायला लागली. शेवटी चुलती उरली. ती आधी म्हणाली माझ्या जुन्या चांगल्या आहेत, मग म्हणाली दोनच भरा, आणि हात मात्र आखडून धरलेला.

"वैनी, हात सैल सोडा की," मामी म्हणाली. "घट्ट धरलं की वाढवती ती. मघाशी बघितलंत न्हवं?"

चुलतीनं हात सैल सोडला. दोनच म्हणता म्हणता डझनभर भरून घेतल्या.

पुढं मामीचा दिवा पुन्हा सुरू झाला, अगदी थोड्यापासून. काही महिन्यांनी मनगटावर तिळासारखे तपकिरी ठिपके आले आणि हळूहळू एकमेकांना मिळाले. बोटांची टोकं पांढरीच राहिली. पण सुरुवातीला, त्या लग्नसराईत, ती ठरल्या दिवशी क्वचितच यायची. मी रस्त्यात गाठून विचारलं, "मामी, दिव्याला का येत न्हाईस? अशानं रंग कसा धरंल?"

"सवड कुटं हाय पोरी?" पाटी सावरत, चालता चालताच ती म्हणाली. "आज तीन घरची बोलावणी हायत. तुज्या दिव्याला सांग, जरा थांब म्हणावं."